चौकशी

माणसाने आयुष्यात एकदा तरी हातात फॉर्म घेऊन दुसऱ्याच्या घरी जावे. जिना चढताना आपण फार मोठे असतो. उतरतानाचे सांगतो पुढे.

डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत अडल्यानडल्यांसाठी एक फंड आहे. 2020 च्या टाळेबंदीत गणपतीची शिल्लक वर्गणी काढून तो सुरू झाला. त्या एप्रिलात सरकारनेच घरमालकांना सांगितले होते, की निदान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकला. पण ढकललेले भाडे जात कुठेच नाही. ते चौथ्या महिन्यात भावंडांसकट दारात उभे राहते. आम्ही दोन-तीन घरांचे भाडे भरले. कोणी कोणाला काही विचारले नाही. विचारणार कसे? तोंडाला मास्क होते.

पुढे एका गृहस्थाने भाड्यासाठी पैसे घेतले आणि ते न भरता एका रात्रीत सामानासकट तो पसार झाला. दुसऱ्या दिवशी समिती बसली आणि फॉर्म जन्माला आला. चोवीस प्रश्न. आमचे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे एकोणीस प्रश्न त्यांचे. 'घरात टीव्ही आहे काय? असल्यास किती इंची?' 'दूध रोज किती?' 'व्यसन असल्यास तपशील द्यावा.' तपशील द्यावा! जणू बक्षीस मिळणार आहे.

तर तिसऱ्या मजल्यावर अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या एका कुटुंबाची पाळी आली. दोन महिन्यांचे भाडे थकलेले, नऊ-नऊ हजार. वर विजेचे बिल 3,460, आणि पंधरा दिवसांत भरा नाहीतर वीज तोडू अशी नोटीस. 2003 च्या वीज कायद्याने ही पंधरा दिवसांची नोटीस द्यावीच लागते. आधी कळवून येण्याची सभ्यता बाकीच्या संकटांना नाही, एवढे विजेबद्दल म्हटले पाहिजे.

"तुम्ही लेखक. तुम्हाला माणसांशी बोलता येतं," असे म्हणून समितीने मला पाठवले. बाकीच्यांना त्या दिवशी वेळ नव्हता, हे मला नंतर कळले.

"या काका," वहिनी म्हणाल्या. नवरा उठला आणि गॅलरीत आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मी वर्तमानपत्रात दडवलेला फॉर्म बाहेर काढला.

"टीव्ही आहे का?" मी विचारले. टीव्ही माझ्या नाकासमोर होता.

"आहे ना. विकला तर दोन हजार येतील म्हणतात. विकू का?"

"नको, नको!" मी इतक्या घाईने म्हणालो, की टीव्ही माझाच असावा. तेवढ्यात चहा आला. चांगला दुधाचा. तो पिऊन झाल्यावर 'दूध रोज किती?' हे विचारायचे कोणत्या तोंडाने?

मराठीतला 'चौकशी' हा शब्द मोठा लबाड आहे. आजाऱ्याला भेटायला जातो ती चौकशी, आणि अपहार झाल्यावर बसते तीही चौकशी. पहिलीला लोक मोसंबी घेऊन जातात, दुसरीला फाईल. माझा चेहरा मोसंबीचा होता आणि हातात फाईल.

हा घोळ आमच्या सोसायटीने घातलेला नाही. 1869 साली लंडनमध्ये चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी निघाली, तिची माणसे गरिबांच्या घरी जाऊन मदतीला कोण पात्र, कोण अपात्र हे ठरवीत. अमेरिकेत मेरी रिचमंड बाईंनी 1917 मध्ये 'सोशल डायग्नोसिस' नावाचा जाडजूड ग्रंथच लिहिला. मुंबईत टाटांच्या ट्रस्टने समाजकार्य शिकवणारी संस्था 1936 मध्ये काढली. डायग्नोसिस म्हणजे निदान, आणि शब्द चांगला आहे. पण डॉक्टर विचारतो, "दुखतंय कुठे?" आमचा फॉर्म विचारत होता, "दुखण्याची तुमची लायकी आहे का?"

मग काही न विचारता द्यावे काय? मला स्वतःला ते फार आवडते. पाकीट सरकवले की सुटलो. पुण्य पदरात आणि माणूस दाराबाहेर. तो पुढच्या महिन्यात काय करणार, ही भानगड नको. म्हणजे न विचारण्यात माझे औदार्य किती आणि आळस किती, हे खजिनदारांनाही मोजता येणार नाही.

चहा संपला. काही सुचेना म्हणून मी गॅलरीकडे बघून विचारले, "आधी कुठं होता हो तुम्ही?"

पाठ वळली. छापखान्यात होते. बारा-पंधरा माणसे, आठ वर्षे नोकरी. गेल्या मार्चात छापखाना बंद झाला.

"हिशेब मिळाला?"

"शेवटचा पगार मिळाला."

"आणि ग्रॅच्युइटी?"

"ती सरकारी लोकांना असते ना?"

1972 सालापासून कायद्यात आहे ती. दहा माणसे असली आणि पाच वर्षे भरली, की खाजगीतही मिळते. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. त्यांचा मूळ पगार 18,200. फॉर्म उलटा करून मी पाठीवर गुणाकार केला. 84,000. दोघे त्या आकड्याकडे बघत राहिले. वहिनींनी तो पुन्हा करून घेतला. माझे गणित त्यांनी बरोबर ओळखले होते.

समितीत खजिनदारांनी कोरा फॉर्म बघून कपाळाला आठ्या घातल्या. मग पाठ पाहिली. भाडे आणि बिल फंडाने परस्पर भरले, आणि छापखान्याच्या मालकाला पत्र खजिनदारांनी स्वतः लिहिले. काय पत्र! ते वाचून मीच पैसे भरले असते. मालकाने अजून भरलेले नाहीत. दोन हप्त्यांचे बोलणे चालू आहे. खजिनदार दर शनिवारी नवऱ्याला बरोबर घेऊन तिकडे जातात. फॉर्ममध्ये मात्र चोवीसचे चोवीस प्रश्न आहेत, दुधासकट.

एक सांगायचे राहिले. मी निघालो तेव्हा वहिनी दारापर्यंत आल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, "काका, तुम्हाला लाइटबिल किती येतं हो?"

"बघायला पाहिजे," मी म्हणालो.

बघायचे काय होते? सहा हजार दोनशे. आकडा पाठ होता. तिन्ही मजले उतरेपर्यंत तो जिभेवरच होता.