रंग धुतला, विष राहिले





विहारात भोजनदान देताना आपला हेतू शुद्ध असतो. पण हेतू शुद्ध असला, म्हणजे शील पाळले गेले का?

१९७१ च्या अखेरीस इराकच्या खेड्यांत पेरणीसाठी गहू आणि बार्ली वाटण्यात आली. बुरशी लागू नये म्हणून त्या बियाण्याला मिथाइल मर्क्युरी हे पाऱ्याचे संयुग चोळलेले होते. धोका ओळखता यावा म्हणून लाल रंगही दिला होता. पोत्यांवर इशारा होता, पण इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये. अनेकांची पेरणी आधीच उरकली होती. लोकांनी धान्य धुतले. रंग निघून गेला. कोंबड्यांना घालून पाहिले. काही दिवसांत काहीच झाले नाही. मग घरोघरी रोट्या भाजल्या गेल्या. या विषाची लक्षणे दिसायला आठवडे लागतात. ६,५३० माणसे रुग्णालयांत दाखल झाली. त्यांतली ४५९ दगावली.

त्या आयांना लेकरांना जेवूच घालायचे होते. त्यांनी डोळे झाकून विश्वासही ठेवला नव्हता. कालाम सुत्तात सांगितल्याप्रमाणे आपल्या परीने पारखले होते. भगवान बुद्धांनी चेतनेला कर्म म्हटले आहे, म्हणून दोष त्यांचा नाही. प्रश्न उरतो तो ज्यांना माहीत होते त्यांचा. वाचणाऱ्याला न कळणारा इशारा हा इशाराच नव्हे. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरांपासून दूर ठेवले गेले, त्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

डोळा आणि अनुभव जिथे थकतात, तिथे रासायनिक पृथक्करण कामी येते. प्रयोगशाळेत धान्य दळतात, द्रावकात घुसळून त्यातले रसायन उतरवतात, क्रोमॅटोग्राफीने घटक वेगळे करतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर ओळखतात. भातावरील करपा रोखणाऱ्या ट्रायसायक्लाझोलसाठी युरोपीय संघाने बासमतीतली मर्यादा २०१८ पासून किलोमागे १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. एवढा सूक्ष्म अंश आज मोजता येतो.

बाबासाहेबांनी १९५६ च्या बीबीसीवरील भाषणात प्रज्ञा, करुणा आणि समता ही तत्त्वे एकत्र मांडली. जेवू घालणे ही करुणा. धान्य तपासणे ही प्रज्ञा. आणि तपासणीतून कळलेले, पिकवणाऱ्यापासून खाणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला त्याच्या भाषेत पोचवणे ही समता.

तुमच्यापैकी कितीतरी जण प्रयोगशाळांत, अन्नउद्योगात काम करता. गावी फोन कराल तेव्हा एवढे जरूर सांगा: औषध लावलेले बियाणे धुऊनही खाण्याजोगे होत नाही. मराठीत सांगा, आणि समोरच्याला समजले का, तेही विचारा.

सप्रेम जय भीम.