‘आधी चालत होतं ना!’

पंगत बसली आहे आणि ऐनवेळी यजमान म्हणतात, ‘सगळ्यांनी एकेक पाट उजवीकडे सरका.’ आधी कोणी उठायचं? उजव्या टोकाच्याने, कारण त्याच्याच शेजारचा पाट रिकामा आहे. डाव्या टोकाचा आधी उठला तर तो शेजाऱ्याच्या मांडीवर बसेल. शेजारी ओरडेल आणि गोंधळ तिथेच थांबेल.

कंप्युटरच्या मेमरीत कोणी ओरडत नाही. समजा, ओळीने तीन घरांत क, ख, ग आहेत आणि ती अक्षरं एकेक घर उजवीकडे न्यायची आहेत. डावीकडून सुरुवात केली तर ‘क’ दुसऱ्या घरात जातो आणि तिथला ‘ख’ पुसला जातो. मग दुसऱ्यातलं तिसऱ्यात, तिसऱ्यातलं चौथ्यात. शेवटी चारही घरांत ‘क’च. उजवीकडून सुरुवात केली तर काही बिघडत नाही. अक्षरं डावीकडे न्यायची असतील तर नेमकं उलट.

सी भाषेत कॉपी करायला दोन फंक्शनं आहेत. मेममूव्ह जुनी आणि नवी जागा एकमेकींवर चढलेल्या असल्या तरी डेटा सांभाळून हलवतं. मेमकॉपी ती काळजी घेत नाही. जागा एकमेकींवर चढलेल्या नाहीत, हे तुम्ही आधीच पाहिलंय असं ते धरून चालतं आणि त्या भरवशावर वेग मिळवतं. भरवसा खोटा ठरला तर काय होईल याची हमी नाही, असं १९८९च्या प्रमाण सी भाषेतच लिहिलेलं आहे.

पण लिहिलेलं एक आणि चालणारं एक. लिनक्सवरच्या जीलिबसी या लायब्ररीतलं मेमकॉपी बरीच वर्षं पुढून मागे असं सरळ क्रमाने कॉपी करत असे. त्यामुळे डेटा अलीकडे सरकवताना अट मोडली तरी उत्तर बरोबर यायचं. २०१०मध्ये वेगासाठी हे फंक्शन नव्याने लिहिलं गेलं आणि काही प्रोसेसरांवर ते शेवटाकडून कॉपी करू लागलं. फेडोरा १४ वापरणाऱ्यांना फ्लॅशमधून गाणी फाटक्या आवाजात ऐकू येऊ लागली. अडोबीच्या फ्लॅश प्लगइनने नको तिथे मेमकॉपी वापरलं होतं.

मग वाद पेटला. एक बाजू म्हणाली, नियम स्पष्ट होता, फ्लॅशने तो मोडला, त्यांनी दुरुस्त करावं. लिनस टोरवाल्ड्स दुसऱ्या बाजूला होते. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की वापरणाऱ्याला चूक कोणाची याच्याशी देणंघेणं नसतं; काल चालणारी गोष्ट आज तुमच्या बदलामुळे बंद पडली, एवढंच त्याला दिसतं.

मला वाटतं, इथे दोन प्रश्न एकात मिसळले गेले. चूक कोणाची? निःसंशय फ्लॅशची. पण त्या चुकीचा भुर्दंड कोणी सोसायचा? तो सोसत होता गाणं ऐकणारा माणूस. त्याने नियम मोडला नव्हता. फ्लॅशचा कोड बंदिस्त असल्याने तो त्याला वाचताही येत नव्हता, दुरुस्त करणं तर दूरच. अपडेटनंतर आपल्या फोनवरचं एखादं अ‍ॅप उघडेनासं होतं, तेव्हा आपणही असेच त्या दोघांच्या मध्ये उभे असतो.

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे: वहिवाट. शेत दुसऱ्याचं, पण पायवाट वर्षानुवर्षं वापरातली. १८८२च्या ईझमेंट कायद्यानुसार अशी वाट वीस वर्षं शांतपणे, उघडपणे, हक्काने आणि खंड न पडता वापरली, तर तिच्यावर हक्क सांगता येतो. म्हणजे नकाशात नसलेलं, पण माणसांनी ज्याच्यावर आयुष्य बेतलंय, असं काहीतरी कायदाही मोजतो.

पण प्रत्येक चुकीची वहिवाट पाळायची ठरवली, तर नियम लिहायचे कशाला? शिवाय काळजीपूर्वक कोड लिहिणाऱ्यांनी बेफिकीर लोकांसाठी आपला वेग का गमवावा? हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच २०११मध्ये जीलिबसी २.१४ने काढलेला तोडगा मला आवडतो. त्यांनी मेमकॉपीच्या दोन आवृत्त्या ठेवल्या. आधीच तयार झालेल्या जुन्या प्रोग्रामांना मेममूव्हसारखं सांभाळून घेणारं फंक्शन मिळेल. नव्याने तयार होणाऱ्यांना अट लागू असलेलं. जुनी वाट बंद केली नाही, पण तिला नवे फाटेही फुटू दिले नाहीत.

यात फ्लॅशची चूक बरोबर ठरली नाही. फक्त तिची शिक्षा भलत्याला मिळायची थांबली. ‘आधी चालत होतं ना!’ असं कोणी म्हटलं की आपण चटकन ‘नियम वाचला नाहीस का?’ असं विचारतो. त्याआधी एवढं बघावं, की तो नियम वाचणं त्या माणसाच्या हातात तरी होतं का.