नाकाचा निकाल

मराठी भाषेने नीतीचे सगळे खाते नाकाच्या नावावर उघडून ठेवले आहे. सज्जन माणूस नाकासमोर चालतो, गर्विष्ठ नाक वर करून चालतो, घराण्याला बट्टा लागला की नाक कापले जाते, आणि दुसऱ्याला उपदेश करणारा नाकानेच कांदे सोलतो. डोळे, कान, जीभ ही मंडळी बिचारी साधी कारकून. निकालावर सही करायची ती नाकाने. मी स्वतः बँकेतला कारकून असल्याने एवढे अधिकार एकाच टेबलावर साचलेले दिसले, की मला ऑडिटची आठवण होते.

हे ऑडिट २०२० च्या उन्हाळ्यात झाले. टाळेबंदी चालू होती, दारूची दुकाने बंद होती आणि नागपूरचे ऊन आपले काम नेहमीप्रमाणे करत होते. अशात आमच्या गल्लीत एक वास हिंडू लागला. आधी गोडसर, मग आंबूस, आणि चौथ्या दिवशी असा की आमच्या सौ.ने फ्रीज रिकामा करून धुतला. उगम मात्र वरच्या मजल्यावर होता. तिथे एक निवृत्त ओव्हरसियर काका राहतात. मागच्या हंगामातली वाळलेली मोहफुले त्यांनी गावाकडून आणून ठेवली होती, आणि आता ती प्लास्टिकच्या ड्रममध्ये भिजत होती. पोलिसांच्या पंचनाम्यात याला 'सडवा' म्हणतात. हा शब्द ज्याने योजला त्याचे नाक शाबूत होते.

वास्तविक मोहाचे फूल म्हणजे विदर्भाच्या जंगलाची साखर. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. गोंड आयाबाया टोपल्या घेऊन तो वेचतात, वाळवतात, खातात, विकतात. त्याची दारू देवाच्या पूजेतही असते. पण जंगलातला वास फ्लॅटमध्ये आला की त्याची दुर्गंधी होते.

रात्री काका खाली आले. तोंडावर मास्क, करोनासाठी की ड्रमसाठी ते विचारले नाही.

"भाऊ, सडल्या अंड्यावानी वास येऊन राहिला ना! विष तं नाही झालं? डोळे जातात म्हणतात लोकं."

बी.कॉम.ला हा विषय नव्हता. पण माझा एक भाचा रसायनशास्त्र शिकवतो. त्याला फोन लावला. मामाने असा प्रश्न का विचारावा याची चौकशी त्याने आधी सविस्तर केली आणि मग जे सांगितले, त्याने नाकाच्या कारभारातली पहिली अफरातफर उघडकीस आली.

अंड्याचा वास हा हायड्रोजन सल्फाइडचा. साखर आंबवणाऱ्या यीस्टची उपासमार झाली की ते हा वायू सोडते. हवेत तो नावापुरता असला तरी नाक बोंब मारते, पण एवढ्याशाने माणूस मरत नाही. उलट हाच वायू बंद गटारात भरपूर साठला, की आधी नाक बधिर करतो आणि मग आत उतरलेल्या सफाई कामगाराचा जीव घेतो. म्हणजे जिथे गरज नाही तिथे नाक ओरडते, आणि जिथे गरज आहे तिथे ते रजेवर जाते. बँकेत अशा कर्मचाऱ्याला आम्ही मेमो देतो.

आणि ज्याने डोळे जातात ते मिथेनॉल? त्याचा वास पिण्याच्या दारूसारखाच. नाकाला फरक कळत नाही. पोटात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांची नस मारते. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे गेली. त्यातल्या कुणाच्याही नाकाने हरकत नोंदवली नव्हती. मराठी माणूस तर अस्सलपणाचे प्रमाणपत्र देताना 'पहिल्या धारेचा' म्हणतो. आणि भाच्याच्या मते नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारख्या वासाची द्रव्ये त्या पहिल्या धारेतच जास्त उतरतात.

काकांच्या ड्रमला धार लागलीच नाही. काकूंनी तो एका दुपारी नालीत ओतला. वास दोन दिवस टिकला, आणि गल्लीची नैतिक चर्चा आठवडाभर. "संस्कारी वस्ती आहे, बाप्पा!" असे म्हणणाऱ्यांत सगळे होते. पुढे दुकाने उघडली. काका कागदात गुंडाळलेली सीलबंद बाटली घेऊन त्याच गल्लीतून आले, तेव्हा कुणी नाक मुरडले नाही. उलट एकाने दुकानातल्या रांगेची लांबी विचारली. दारू तीच, माणूस तोच, पिणारे पोटही तेच. फक्त वास नव्हता. गल्लीला राग दारूचा नव्हता, वासाचा होता, हे त्या दिवशी माझ्या खतावणीत पक्के झाले.

कॅश काउंटरवर मला हे फार दिवसांपासून दिसते आहे. आठवडी बाजार करून येणाऱ्या एक बाई चुरगळलेल्या नोटा भरायला आणतात. नोटांना सुकटाचा, घामाचा, कधी मोहाचा वास असतो. एकदा शेजारच्या काउंटरवरच्याने रुमाल नाकाला लावला, तेव्हा बाई म्हणाल्या, "साहेब, धुऊन आनू काय?" मी नोटा मोजल्या. एकही कमी नव्हती. आणि करोडोंचे कर्ज थकवून अत्तराच्या घमघमाटात येणाऱ्या गृहस्थांना आम्ही आत बसवून चहा पाजतो. त्यांच्या चेकला कसलाच वास नसतो. पुष्कळदा पैसेही नसतात.

रोमचा बादशहा व्हेस्पासिअन याने पहिल्या शतकात मुताऱ्यांतल्या मुतावर कर बसवला. कातडी कमावणारे ते विकत घेत. मुलाने नाक मुरडले, तेव्हा बापाने त्याच्या नाकाखाली नाणे धरून विचारले, येतो का वास? आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिण्यासाठी परवाना काढावा लागतो, तोही प्रकृती राखण्याच्या कारणासाठी. आणि त्याच दारूच्या हजारो कोटींच्या महसुलावर सरकार आपली प्रकृती राखते. त्या कोटींनाही वास नाही.

तेव्हा मोहाची दारू निर्दोष, असे मी म्हणत नाही. गडचिरोलीच्या बायांनी दारूविरुद्ध आंदोलन केले आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात बंदी आली. पण त्या बाया वासावर रागावल्या नव्हत्या. मोहाच्या वासात तर त्या वाढल्या होत्या. त्यांनी हिशेब वेगळा मांडला होता: मजुरी किती आली, घरात किती पोचली, आणि मार कुणी खाल्ला. मला वाटते, नीतीचा खरा जमाखर्च तोच. किंमत कोण देतो एवढे बघायचे. वास हा त्यातला फार तर किरकोळ खर्च.

स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून कंपनी त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचे घाण वासाचे द्रव्य मुद्दाम घालते. माणसाने दुर्गंधीचा केलेला याहून शहाणा उपयोग मला माहीत नाही. थकीत कर्जाच्या फायलीत, कागदी परवान्यात आणि गटाराच्या कंत्राटाच्या टेंडरात त्याचा एकेक थेंब टाकण्याची सोय होईल तेव्हा आमच्या नाकाच्या निकालावर मी बिनशर्त सही करीन. तोवर कुठे फार वास आला, तर रुमाल खिशातच ठेवून आधी नोटा मोजाव्यात, हे बरे.