पाणी न शिरणारी शिवण

सैल बसा. सुई धरताना अंगठा आणि तर्जनी जिथे एकमेकांना टेकतात, तिथे थोडा वेळ लक्ष राहू द्या.

आता मन उत्तरेकडे न्या, कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात. एका इनुइट बाईच्या पुढ्यात सीलचं कातडं आहे. उलू या अर्धगोल पात्याच्या सुरीनं तिनं चरबी खरवडली, कातडं धुतलं, लाकडी चौकटीवर ताणून वाळवलं, मग चोळून मऊ केलं. मांस आधीच घराघरांत वाटून झालंय. आता ती कामिक, म्हणजे बूट, शिवते आहे.

नजर सुईच्या टोकावर ठेवा. दोन पदर जोडताना ती दोन्हींच्या आरपार जात नाही. दुसऱ्या पदराच्या निम्म्या जाडीपर्यंतच शिरते, आतल्या आत थोडी सरकते आणि परत फिरते. मग उलट्या बाजूनं टाक्यांची दुसरी ओळ. दोरा कॅरिबू हरणाच्या पाठीतली कंडरा वाळवून, तिचे तंतू सोलून केलेला. तो भिजला की फुगतो आणि टाक्याची जागा बुजवतो. सुई जरा खोल गेली की बुटात पाणी आलंच, आणि त्या थंडीत पाय ओला होणं म्हणजे बोटं गमावण्याची भीती. कातडं कुठवर टोचायचं, हे पुस्तकात वाचून कळत नाही. शेजारी बसून, बोटांनीच शिकावं लागतं. म्हणूनच कॅनडा सरकारच्या धोरणाखाली मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत नेलं गेलं, तेव्हा ही शिवणही तुटू लागली.

प्राणी मारला, या विचारानं मनात कळ उठली असेल. तिला ढकलू नका. तिच्यासोबत हेही मनात येऊ द्या: १९८३ मध्ये युरोपीय समुदायानं सीलच्या पांढऱ्या पिल्लांच्या कातड्यांची आयात बंद केली. इनुइट मारतात ते मुख्यतः पूर्ण वाढलेले रिंग्ड जातीचे सील, आणि इनुइटांच्या शिकारीला सूटही होती. पण गिऱ्हाईक सगळ्याच सीलकातड्यापासून दूर गेलं, भाव कोसळले. शिकारीचं पेट्रोल आणि काडतुसं कातडी विकून आलेल्या पैशांतूनच यायची. २००९ मध्ये युरोपनं बंदी आणखी वाढवली, पुन्हा सूट ठेवून. दूरवरच्या लोकांच्या कळवळ्यानं इथल्या चुली विझत आणल्या, असंच मला वाटतं. अलेथिया अर्नाकुक-बारिल यांनी २०१६ च्या ‘अँग्री इनुक’ या माहितीपटात हीच बाजू शिकाऱ्यांच्या आणि शिवणाऱ्यांच्या तोंडून मांडली.

नुनावुतमधल्या इकालुइतच्या आर्क्टिक कॉलेजात आज फरच्या कामाचा अभ्यासक्रम आहे. तरुण मुली पार्का, हातमोजे, कानातलेसुद्धा करतात आणि विकतात. विक्रीचा पैसा आला की पुढची शिकार परवडते, आणि कातडं हाताशी असलं तरच शिकणारीला सराव मिळतो.

कॅनडाच्या राजधानीत, ओटावात, बरेच इनुइट राहतात, मराठी घरंही आहेत. तुम्ही तिथले असाल आणि असा हातमोजा विकायला दिसला, तर थांबा. कुणी शिवला, कातडं कुठून आलं, ते विचारा. शिवण उलटी करून बघा. आणि शिवणारी समोर असेल, तर तिच्याशी किमतीवरून घासाघीस करू नका.