निराधारांचा महागाई भत्ता

बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व या अवस्थांत नागरिकाला सार्वजनिक साहाय्याचा हक्क मिळावा, यासाठी राज्याने आपल्या आर्थिक सामर्थ्याच्या मर्यादेत परिणामकारक तजवीज करावी, असा निदेश आपल्या राज्यघटनेच्या ४१व्या अनुच्छेदात आहे. या निदेशातील मर्यादेचा भाग प्रत्येक अर्थसंकल्पाच्या वेळी आठवला जातो. हक्काचा भाग मात्र ज्यांच्यासाठी लिहिला गेला, त्यांच्या दारापर्यंत अजून पुरता पोचलेला नाही. विकसनशील देशातील सामाजिक सुरक्षा लोकांची गरज भागविते काय, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ रकमेचा नाही. गरजेला रकमेइतकीच वेळही असते आणि मानही असतो. आणि या तिन्ही कसोट्यांना उतरेल अशी व्यवस्था आपण मूठभरांसाठीच निर्माण केली, असे माझे स्पष्ट मत आहे.

आरंभ वाईट नव्हता. १९४२ साली इंग्लंडात बेव्हरिज यांचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा महायुद्धाच्या धामधुमीतही सामाजिक विम्याचा विचार इकडे चालू होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते, आणि प्रा. बी. पी. अदारकर यांनी १९४४ मध्ये सादर केलेल्या आरोग्यविम्याच्या अहवालातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा जन्मास आला. १९५२ मध्ये भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला. परंतु हे सारे कायदे, ज्याचे नाव कुठल्या तरी हजेरीपटावर आहे आणि ज्याचा मालक कोण हे बोट दाखवून सांगता येते, अशाच कामगाराला गृहीत धरून रचलेले होते. शेतमजूर, ऊसतोडीच्या टोळीतले जोडपे, सकाळी नाक्यावर उभा राहणारा बिगारी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, असे शंभर कष्टकऱ्यांमागे सुमारे नव्वद जण या कक्षेबाहेरच राहिले. जे आत होते त्यांचेही पुरते भले झाले असे नाही: साखर कारखान्यात उभा जन्म घालविलेल्या कामगाराला कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली जे किमान निवृत्तिवेतन मिळते, ते २०१४ साली दरमहा १,००० रुपये ठरले, आणि आजही तेवढेच आहे.

या बाबतीत महाराष्ट्राने एके काळी स्वतःच्या बुद्धीने वाट काढली होती, हे इथे अभिमानाने सांगितले पाहिजे. एकाच दिवशी चार व्यापाऱ्यांची पोती वाहणाऱ्या हमालाचा मालक कोण, या पेचाला १९६९ च्या माथाडी कायद्याने उत्तर दिले ते असे, की मालक कोणीही असो, मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही या कायद्याखालील मंडळाकडे भरली जावी आणि हमालाचा भविष्यनिर्वाह निधी, त्याची वैद्यकीय सोय मंडळाने पाहावी. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी गावोगावच्या कामांवर उभी राहिली; तिचा कायदा विधिमंडळाने १९७७ मध्ये केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शहरातल्या पगारदाराच्या वेतनातून आजही कापला जाणारा व्यवसायकर १९७५ साली या हमीसाठीच बसविण्यात आला होता. शहराने खेड्याच्या अन्नाचा भार उचलावा, आणि तोही दानधर्म म्हणून नव्हे तर कायद्याने, हा विचार या राज्यात मान्य झाला होता. केंद्राने २००५ साली तो देशभर नेला.

हमी मात्र धडधाकट माणसाला. ज्याचे हात थकले त्याचे काय? त्यांच्यासाठी १९८० पासून राज्याची संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, आणि पासष्टीपुढील वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना. गावात या पैशाला सरळ 'पगार' म्हणतात. रक्कम वर्षानुवर्षे ६०० रुपये होती, मग १,००० झाली, आणि २०२३ साली १,५०० झाली. यात केंद्राचा वाटा किती? १९९५ च्या स्वातंत्र्यदिनी राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू झाला तेव्हा वृद्धाला दरमहा ७५ रुपये होते. २००६ साली ते २०० झाले. आणि ऐंशी वर्षांखालील वृद्धासाठी ते आजतागायत २०० च आहेत. त्या काळात २०० रुपयांत जे धान्य, तेल आणि औषध येत होते, त्याचा कितवा हिस्सा आज येतो, हे वाचकांनी आपल्या घरातल्या किराणा-हिशेबावरूनच ताडून पाहावे.

आणि एवढ्याशा रकमेच्या दारावरचा पहारा पाहावा. मराठवाड्यातील एका तहसील कचेरीच्या व्हरांड्यात मी एका वृद्ध विधवेची प्लास्टिकची पिशवी पाहिली आहे. आधारकार्ड, शिधापत्रिका, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला, वयाचा दाखला, तलाठ्याच्या अहवालावरून मिळालेला उत्पन्नाचा दाखला. प्रत्येकाच्या दोन दोन झेरॉक्स प्रती, आणि पावसात भिजू नयेत म्हणून त्यांवर आणखी एक पिशवी. सोबत नातू आला होता, त्याचा त्या दिवसाचा रोज बुडाला होता. निंदणी-खुरपणीत बोटांवरच्या रेषा झिजल्यामुळे अंगठा यंत्रावर उमटेना. केंद्रावरच्या मुलाने तिचे बोट ओल्या फडक्याने पुसले, पदराला कोरडे केले, पुन्हा दाबले, मग दुसरे बोट, मग तिसरे. तो मुलगा सौजन्याने वागत होता, हेही नमूद केले पाहिजे. दोष त्याचा नव्हता. आपण हयात आहोत याचा दाखला दरसाल देणे ज्या बाईला प्राप्त आहे, तिच्या देहाची खूणच यंत्राला पटत नव्हती.

उत्पन्नाच्या दाखल्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण सगळ्या अन्यायाचे मूळ तिथे आहे. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर अर्जदाराच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे, अशी सर्वसाधारण अर्जदारासाठी अट आहे. महिन्याला १,७५० रुपये. घरातल्या एकाच माणसाने ३०० रुपये रोजाने वर्षातून सत्तर दिवस काम केले की ही मर्यादा पुरी होते. अर्थात खरे सांगणारा अपात्र ठरतो, आणि पात्र ठरण्यासाठी म्हातारीने, तिच्या मुलाने आणि तलाठ्याने, तिघांनी मिळून एका खोट्या आकड्यावर सही-अंगठा करावा लागतो. हाच आकडा पुढे दलालाच्या हातातले हत्यार होतो. मदतीपूर्वी असत्य वदवून घेणारी व्यवस्था माणसाची भूक कदाचित भागवील. त्याचा मान ती आधीच काढून घेते.

वेळेचेही तसेच आहे. दोन-तीन महिन्यांचे पैसे एकदम जमा होतात, तोपर्यंत किराणा दुकानदाराच्या वहीतली उधारी हाच तिचा खरा आधार असतो. रक्तदाबाची गोळी मात्र रोज लागते.

२०२४ साली लाडकी बहीण योजना आली तेव्हा याच राज्याने वार्षिक २,५०,००० रुपये उत्पन्नापर्यंतच्या कुटुंबांतील स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये काही महिन्यांत पोचवून दाखविले. त्या भगिनींना ते मिळू नयेत असे मी मुळीच म्हणत नाही. पण मग २१,००० ची ती मर्यादा निराधार विधवेलाच का? तिजोरीत पैसा नाही आणि यंत्रणेत शक्ती नाही, ही दोन्ही कारणे त्या वर्षी निकालात निघाली. आपल्याहून गरीब असलेल्या नेपाळने १९९०च्या दशकाच्या मध्यात पंचाहत्तरीपुढील वृद्धांना दरमहा १०० रुपये देण्यास प्रारंभ केला. उत्पन्नाचा दाखला न मागता, केवळ वय आणि नागरिकत्व पाहून. आज तिथे ६८ वर्षांपुढील, अन्य सरकारी निवृत्तिवेतन नसलेल्या वृद्धाला ४,००० नेपाळी रुपये, म्हणजे आपले सुमारे २,५०० रुपये मिळतात.

माझी मागणी दोन गोष्टींची आहे. वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनाला उत्पन्नाची अट नसावी, वय पुरेसे मानावे. आणि त्याची रक्कम, केंद्राचा वाटा धरून, त्याच किंमत-निर्देशांकाशी जोडावी ज्याच्या आधारे सरकारी नोकराचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, वाढतो. बाजारात भाव एकच असतात.

हा अंक ज्यांच्या हाती पडेल, त्यांपैकी अनेकजण निवृत्तिवेतनधारक असतील, काहीजण मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपावर गेलेलेही असतील. आपल्या हक्कासाठी त्यांनी जरूर भांडावे. माझी त्यांना एवढीच कळकळीची विनंती आहे, की संघटनेच्या पुढच्या मागणीपत्रात निराधारांना महागाई भत्ता मिळावा हे कलम आपल्या मागण्यांच्या बरोबरीने घालावे, आणि वाटाघाटीत ते सोडून देऊ नये.