चित्रांतील पाणी

आबालाल रहिमान (मृत्यु १९३१) यांनीं रंगविलेलीं कोटितीर्थाचीं चित्रें कोल्हापुरांत पाहतांना धुक्यांत विरघळणारें तें पाणी आम्हांस प्रथम खुपलें. आम्ही लातूरकर, १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून पांच लाख लिटर पाणी घेऊन आलेली आगगाडी आम्ही विसरलों नाहीं. तहानेल्या मुलखांतून येऊन रंगांतल्या पाण्यावर लुब्ध होणें हा स्वजनांशीं द्रोह नव्हे काय?

मग ध्यानांत आलें, अवर्षणानें आमची दृष्टीही आटविली आहे. नांदेडास गोदावरीवर मेघ ओथंबले, तरी आम्ही केवळ हिशेब मांडतों. चित्रकारानें मात्र पाण्यापाशीं कांहीं न मागतां त्याकडे पाहिलें. चित्रानें तहान भागत नाहीं, हें खरें. परंतु गरजेपलीकडे पाहण्याचा अधिकार तहानेल्यालाही आहे. तो आपण होऊन सोडणें, हाही दुष्काळच होय.