अंगणातलं उथळ पाणी

नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या विंचूरहून लासलगावकडे निघा, निफाडकडे निघा नाहीतर येवल्याकडे, रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा आणि कांद्याच्या वाफ्यांमधून मातीचे उंच भराव डोकं काढताना दिसतात. भरावावर तारेचं कुंपण, आत काळा कागद आणि कागदावर विहिरीतून उपसून ठेवलेलं पाणी. ही शेततळी. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, त्यातलं मोठ्यातलं मोठं तळं ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल, म्हणजे सुमारे २२ लाख लिटरचं. एप्रिलमध्ये द्राक्षवेलींची खरड छाटणी होते, त्याच सुमारास विहिरी तळ दाखवू लागतात आणि वेलीच्या नव्या फुटीला हे साठवलेलं पाणी जगवतं. या पाण्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्यामुळे झालंय असं, की आमच्या भागात तळं म्हटलं की साठाच डोळ्यांपुढे येतो. घरामागे लहानसं तळं करायचंय, त्यातून काही विकायचं नाही, भिजवायचंही नाही, असं कुणी म्हणालं तर लोक आधी विचारतात, किती लिटरचं? आणि मग, मासे कोणते सोडणार?

दोन्ही प्रश्न शेततळ्याचे आहेत. शेततळ्याचं सगळं शास्त्र पाणी निसटू नये यासाठी असतं. काठ उभे, कारण कमी जागेत जास्त पाणी मावावं. तळाला पाचशे मायक्रॉनचा कागद, कारण थेंब मुरू नये. गाळ नको, गवत नको, खेकड्याचं बीळ तर मुळीच नको. हौस म्हणून पहिलं तळं करणारा माणूसही नकळत याच वाटेनं जातो. खोल चौकोनी खड्डा घेतो, शेततळ्याचा उरलेला कागद अंथरतो, मोटार लावून संध्याकाळपर्यंत भरतो आणि दुसऱ्या दिवशी नाशिकहून पिशवीत रंगीत मासे आणतो. आठवड्याभरात मासे उलटे तरंगू लागतात. मग तळ्याचा नाद सुटतो आणि त्या खड्ड्यात पाचोळा साचतो.

तळं म्हणजे काय हे शिकायला आम्हाला लांब जावं लागत नाही. आमच्याच निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात, तिथे नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तो बांधला तो कालव्यांना पाणी वळवण्यासाठी. पक्ष्यांचा विचार त्यात कुणी केला नव्हता. नद्यांनी दर पावसाळ्यात गाळ आणला, साठा घटत गेला, पाणी उथळ होत गेलं, मध्ये मातीची बेटं उभी राहिली, त्यांवर पाणकणीस आणि गवतं माजली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा तोटाच. पण त्या गुडघाभर पाण्यात आणि चिखलात वारकरी, हळदीकुंकू बदक, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी राहायला आली, हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक आणि चक्रवाक उतरू लागले. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं की आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत जाणारी ही महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा. त्या पाण्यात एकही पक्षी कुणी आणून सोडलेला नाही.

विंचूर-लासलगावसह सोळा गावांची नळयोजना याच बंधाऱ्यावर उभी आहे. म्हणजे परसातलं तळं नळाच्या पाण्यानं भरलं, तर ते पाणी मुळात त्या पाणथळीतलंच. पाणी एकच, पण एकाला चतुरसुद्धा शिवत नाही आणि दुसऱ्यावर हजारो पक्षी येतात. हा फरक काठानं केला आहे. जीव राहतो तो मुख्यतः उथळात. ऊन तळाशी पोचतं तिथे वनस्पती रुजते, वनस्पतीला शेवाळ धरतं, शेवाळावर किडे जगतात, किड्यांवर बाकीचे. बेडूक अंडी घालतो उथळात, चिमणी-बुलबुल आंघोळ करतात उथळात, मधमाशी पाणी पिते ती ओल्या चिखलावर बसून. तीन मीटर खोल, उभ्या उताराच्या पाण्यात यातल्या कुणालाच जागा नाही. म्हणून पहिलं तळं करणाऱ्याला मी एवढंच म्हणेन: खोलीची काळजी थोडी कमी कर आणि काठाची पुष्कळ जास्त. मध्यभागी साठ-सत्तर सेंटिमीटर पुरे. भोवती वीतभर खोलीची रुंद पायरी आणि निदान एक बाजू अशी, की जमीन उतरत उतरत पाण्यात जावी, पाणी कुठे सुरू झालं ते नेमकं सांगता येऊ नये. काळ्या मातीत असा उतार करणं अवघड नाही, फक्त उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, म्हणून खाली कागद लागतोच. त्या कागदावर चार बोटं माती पसरली की पावसाळा संपता संपता तो दिसेनासा होतो.

आता पाण्याचा नैतिक प्रश्न. जिथे नळाला रोज पाणी येत नाही आणि शेजारच्या येवला तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात, तिथे नुसतं बघायला पाणी ठेवणं बरं आहे का? मला हा प्रश्न टाळावासा वाटत नाही. तीन बाय दोन मीटरचं तळं म्हणजे सहा चौरस मीटर पाणी. कडक उन्हाळ्यात उघड्यावरून दिवसाला आठ मिलिमीटर उडतात असं धरलं, तर अठ्ठेचाळीस लिटर, तीन-चार हंडे. त्याच दिवशी काठोकाठ भरलेल्या मोठ्या शेततळ्यावरून सात हजार लिटरच्या वर उडून जातात आणि ते आपण गृहीतच धरतो. तीन-चार हंडे म्हणजे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. ज्या बाईला ते डोक्यावरून आणावे लागतात तिच्यापुढे तर नाहीच. पण पन्हाळीचं पाणी पावसाळ्यात तळ्यात वळवलं, दुपारनंतर सावली येईल अशी जागा धरली आणि मे महिन्यात पातळी निम्म्यावर आली तरी लगेच मोटार लावायची नाही असं ठरवलं, तर हिशेब सुसह्य होतो. आमच्याकडचे नैसर्गिक डोहसुद्धा उन्हाळ्यात आटतात, त्यातले जीव त्या आटण्याला सरावलेले आहेत.

शिवाय परसातलं पाणी ही काही नवी चैन नव्हे. मोरीचं सांडपाणी जिथे जाई तिथे अळू, कर्दळ, केळ हे आपल्याकडे कितीतरी पिढ्या चालत आलं. फक्त साबणाचं पाणी तळ्यात सोडू नये. अळू मात्र काठाला जरूर लावावं, जोडीला वेखंड, ब्राह्मी, मध्ये एखादं कमळ. पानांनी पाण्याचा एक तृतीयांश ते निम्मा भाग झाकला की पाणी तापत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशाला लिटरभर पाण्यात साधारण नऊ मिलिग्रॅम, तीस अंशाला साडेसातच. आमच्या वैशाखात उघडं उथळ पाणी त्याहून पुष्कळ तापतं.

मासे का मरतात याचं कारणही सांगायला हवं, कारण दोष सहसा दुकानदाराच्या माथी जातो. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. जुन्या तळ्यात तळाच्या मातीत, दगडांवर, मुळांवर जिवाणू असतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट, आणि ते वनस्पती खातात. नव्या तळ्यात ही मंडळी नसतात. त्यांना वस्ती करायला चार-सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. तोवर मासा स्वतःच्याच विषात पोहत असतो. सिमेंटचा हौद असेल तर चुन्याचं निराळं संकट. त्यासाठी पाणी भरून, केळीचे खांब कापून टाकून, कुजवून दोन-तीनदा उपसून काढायची जुनी रीत चांगली आहे. नळाचं पाणी असेल तर क्लोरिन उडून जायला एक-दोन दिवस उघडं राहू द्यावं. ही सगळी वाट पाहण्याची कामं आहेत आणि पहिल्या तळ्याच्या धन्याला तेच जड जातं. रिकामं पाणी बघवत नाही. काहीतरी सोडावंसं वाटतं.

माझं म्हणणं असं, की पहिलं वर्षभर काहीच सोडू नये.

याला कारण आहे. सोडण्याच्या हौसेनं काय होतं याचा पुरावा आमच्या नदीवर दर वर्षी तरंगतो. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली. तिच्या जांभळ्या फुलांवर भुलून माणसांनी ती बागांसाठी देशोदेशी नेली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालात आली आणि आज गोदावरीवर सायखेड्याच्या पुलाला तिचे ढीग अडतात, पूर आला की पाणी तुंबतं. कुणाच्या तरी शोभेच्या तळ्यातून निघालेली गोष्ट आहे ही. डास खातो म्हणून गँबुशिया मासा १९२८ च्या सुमारास भारतात आणला. तो डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची पिल्लं आणि आपल्या छोट्या माशांचीही पिल्लं खातो. तिलापिया १९५० च्या दशकात आला, आता आपल्या नद्या-तलावांमध्ये त्याचं चांगलंच बस्तान आहे. परसातलं तळं परसातच राहतं असं कुणी समजू नये. एक मोठा पाऊस, पाणी ओसंडून ओढ्याला, ओढा नदीला आणि तिथून पुढे गोदावरीला. रोहू-कटल्याची बोटुकली तर लहान तळ्यात सोडूच नये. ते मोठ्या पाण्याचे मासे, कटला चांगल्या तलावात वर्षभरात किलोभर होतो. आणि उलट दिशेनंही तेच: अभयारण्यातून कमळाचा कंद, शिंपला, मूठभर चिखल, काही म्हणून आणायचं नाही.

न सोडता काय येतं? पहिल्या पंधरवड्यात पाणी हिरवं होतं. घाबरून औषध टाकू नये, वनस्पती वाढल्या की ते निवळतं. मग पाठीवर पोहणारे पाणकिडे येतात, ते उडत येतात हे पुष्कळांना ठाऊक नसतं. निवळ्या गिरक्या घेऊ लागतात. टाचणी आणि चतुर येऊन अंडी घालतात. मृगाचे पाऊस झाले की बेडूक रात्रीतून हजर. १९८७ मध्ये भारतानं बेडकाच्या पायांची निर्यात बंद केली, त्यामागे शेतातल्या किडीचा विचारही होता, हे आमच्यासारख्या शेतीच्या गावानं विसरू नये.

डासांची भीती खरी आहे, तिला हसून चालणार नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आरोग्य कर्मचारी आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करायला सांगतात. पण त्याची लाडकी जागा म्हणजे टायर, कुंडीखालची ताटली, झाकण नसलेलं पिंप, जिथे त्याला खाणारं कुणी नसतं. चतुराची अळी आणि पाणकिडे असलेल्या तळ्यात त्याच्या पिल्लांचा निभाव लागणं कठीण. पहिल्या दोन महिन्यांत, शिकारी यायच्या आधी, रोज पाहावं आणि अळ्या दिसल्या तर चहाच्या गाळण्यानं काढाव्यात. एवढ्यानंही न भागलं, तर दुसऱ्या वर्षी जवळच्या ओढ्यातले इथलेच बोटाएवढे मासे थोडे आणावेत.

विंचुरातल्या तळ्याला खरा धोका मात्र निराळा आहे आणि त्याबद्दल आम्ही आपसांतही कमी बोलतो. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत डाऊनी आणि भुरी या रोगांसाठी फवारण्यांवर फवारण्या होतात. फवारणीच्या ब्लोअरमधून उडणारे तुषार बागेच्या हद्दीत थांबत नाहीत. बोर्डो मिश्रणातला मोरचूद म्हणजे तांबं, आणि तांब्याचा अगदी थोडा अंश मासे, गोगलगायी, शेवाळ यांना मारायला पुरतो. काही कीटकनाशकं तर पाण्यातल्या किड्यांना त्याहून जहाल. तेव्हा तळ्याची जागा ठरवताना ऊन-सावलीच्या आधी शेजाऱ्याची बाग कुठे आहे आणि हिवाळ्यात वारा कुठून येतो ते पाहावं. घराची भिंत आड घ्यावी. शेवगा, शेवरी, काहीही दाट लावून आडोसा करावा. फवारणीच्या सकाळी तळ्यावर जुनी साडी ताणून घालावी. आणि शेजाऱ्याशी बोलावं: “दादा, उद्या औषध मारणार असाल तर आज सांगा.” द्राक्ष निर्यातीसाठी घडातला औषधाचा अंश प्रयोगशाळेत तपासला जातो, त्याची चिंता प्रत्येक बागायतदाराला असते. परसातलं तळं तीच तपासणी हवेची आणि मातीची करतं. चतुर यायचे बंद झाले, बेडूक गप्प झाले, तर ते वाचता यायला हवं. ज्या अंगणात आपली मुलं खेळतात त्याच अंगणाचा तो अहवाल असतो. मला स्वतःला तळ्याची गरज इथे सगळ्यात जास्त पटते.

मुलांचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करतो. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं, तेव्हा घरात रांगतं-चालतं मूल असेल तर कुंपण हवंच, नाहीतर तळं चार वर्षं पुढे ढकलावं. आणि शेततळ्यांत तर आपल्याकडे दर उन्हाळ्यात माणसं आणि मुलं बुडून जातात. पोहता येणारेही जातात, कारण ओल्या कागदावर हात-पाय ठरत नाहीत. कुत्री, कोल्हे, सापसुद्धा त्यात पडले की वर येऊ शकत नाहीत. जो घरामागे उतरत्या काठाचं तळं करील, त्याला शेतातल्या तळ्याकडेही त्याच नजरेनं पाहता येईल. चारही कोपऱ्यांत वरच्या खांबाला बांधलेला गाठीचा जाड दोर पाण्यात सोडलेला असावा. एका बाजूला ट्रॅक्टरचे जुने टायर एकमेकांना बांधून पाण्यापर्यंत उतरवावेत, त्यांत पाणी साचून डास होऊ नयेत म्हणून भोकं पाडून. खर्च फार नाही, एका दुपारचं काम आहे आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आत विंचूरच्या प्रत्येक शेततळ्यावर ते करता येण्यासारखं आहे.